नगराळे सिस्टरची तक्रार

नगराळे सिस्टरसमोर 'ठीक आहे' म्हणून सुटता येत नसे. तब्येत कशी आहे या प्रश्नाला कुणी तसं उत्तर दिलं, की चष्म्याच्या वरून बघत त्या विचारायच्या, "ठीक हाय म्हंजे किती?" ताप असेल तर किती, झोप झाली असेल तर किती तास, पाकिटात गोळ्या किती उरल्या. माझी आई वैतागायची. "बाई, तुमच्याशी दोन शब्द बोलाचे म्हंजे आधी थर्मामीटर तोंडात धरा लागते," असं ती एकदा म्हणाली, तेव्हा सिस्टर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या होत्या.

आष्टीत आमच्याच ओळीत, चार घरं सोडून त्या राहायच्या. तीसेक वर्षं आरोग्यसेविका म्हणून तालुक्यातल्या उपकेंद्रांवर नोकरी झाली. यजमान आधीच गेलेले, एकुलती मुलगी पुलगावला. निवृत्त झाल्यावर त्यांनी सगळ्यात आधी काय केलं असेल, तर एक झगझगीत पोपटी साडी घेतली. "इतके वर्स पांढरं नेसली, आता माह्या डोळ्याले जरा काही दिसू द्या," म्हणाल्या. घड्याळ मात्र नोकरीतल्यासारखंच, मनगटाच्या आतल्या बाजूला. नाडी मोजताना सेकंदकाटा समोर राहतो म्हणून.

त्यांच्या पुढच्या खोलीत बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंखाली एक टेबल होतं आणि त्यावर पाऱ्याचं बीपीचं मशीन. रोज सकाळी आठ ते दहा, कुणीही यावं आणि बीपी मोजून घ्यावा. फुकट. पण शिस्त दवाखान्याची. आल्यावर पाच मिनिटं खुर्चीत बसायचं, पाय जमिनीला टेकलेले, तोंड बंद. "गप्प बसा. बोलल्यानं वाढते." मग आकडा त्या दोनदा मोठ्याने म्हणत, आणि नाव, तारीख, वेळ घालून वहीत लिहीत. चौकातला पानठेलेवाला गुलाबराव गप्प बसूच शकायचा नाही. त्याची पाच मिनिटं कधी कधी पंधरा मिनिटं चालायची.

त्यांच्याबरोबर काम केलेल्या एका डॉक्टरांनी मला एक गोष्ट सांगितली होती. पोलिओचा डोस देण्याचा दिवस. एका गावात अकरा मुलांना थेंब पाजून झाल्यावर सिस्टरच्या लक्षात आलं, की डब्यातला बर्फ केव्हाच वितळलाय आणि बाटलीवरच्या चौकोनाचा रंग बदललाय. लस खराब झालेली. डॉक्टर म्हणाले, राहू द्या सिस्टर, पुढच्या फेरीत पुन्हा मिळेलच ना त्यांना. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सिस्टर नवा डबा घेऊन पायी त्या गावात गेल्या आणि अकराही घरी जाऊन म्हणाल्या, "काल मी दिलेली लस खराब होती. चूक माही हाय. आज पुन्हा देते." एका घरच्या आजीने भर रस्त्यात त्यांचा उद्धार केला. त्या डबा हातात धरून उभ्या राहिल्या, आजीचं संपल्यावर पोराला थेंब पाजले, आणि परत येऊन स्वतःविरुद्ध अहवाल लिहिला. "मला तो अहवाल पुढे पाठवायची लाज वाटली," डॉक्टर म्हणाले, "म्हणजे त्यांची नाही, माझी."

साठी ओलांडल्यावर सिस्टरचे कान मंदावले. पाऱ्याच्या मशीनला स्टेथोस्कोपमधून ठोके ऐकावे लागतात. एक दिवस त्या मला म्हणाल्या, "सर, मले ठोके नीट ऐकू नाई येऊन राह्यले. अंदाजानं आकडा सांगनं मले जमत नाई. ते बटनाचं मशीन मोबाईलवर भेटते म्हन्तात. चांगलं पाहून मागवजा."

मी कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. माझ्याहून पंचवीस वर्षांनी मोठ्या असूनही त्या मला 'सर'च म्हणायच्या. उपकरण वापरण्याआधी त्यातली त्रुटी तपासायची, हे मी दर वर्षी अकरावीच्या पोरांना पहिल्या प्रात्यक्षिकाला घोकून घेतो. तर मी ॲप उघडलं. नावाजलेलं मशीन महाग होतं. खाली एक अर्ध्या किमतीत दिसलं, कंपनी कधी न ऐकलेली, पण तारे साडेचार. मी तेच मागवलं.

पार्सल माझ्या घरी आलं. फुटलंबिटलं नाही ना हे पाहायला मी खोकं उघडलं, तर आत मशीनवर एक रंगीत कार्ड होतं. पाच तारे द्या, चार ओळी लिहा, त्याचा फोटो पाठवा आणि मोबाईलचं रिचार्ज मोफत मिळवा. कार्ड मी खिशात टाकलं. मशीन सिस्टरकडे न्यायच्या आधीच खाटेवर पडल्या पडल्या लिहिलं, 'अचूक रीडिंग. घरातील ज्येष्ठांसाठी उत्तम. मी स्वतः शिक्षक आहे.' खोक्याचा फोटो जोडला, आणि लिहिलेल्याचा फोटो कार्डावरच्या नंबरला पाठवला. मशीनमध्ये तेव्हा बॅटरीसुद्धा घातली नव्हती. दोन दिवसांत रिचार्ज आलं आणि मी ते विसरून गेलो.

सिस्टर मशीनवर खूश होत्या. पट्टा गुंडाळायचा, बटण दाबायचं, मोठे मोठे आकडे. सकाळची गर्दी वाढली. गुलाबरावचा बीपी वर्षानुवर्षं चढा, तो या मशीनवर एकशेतीसच्या आसपास यायला लागला. तो ठेल्यावर सगळ्यांना सांगायचा, "माहा बीपी आता पोरासारखा हाय." आणि सिस्टरला न विचारता त्याने गोळ्या बंद केल्या.

तीन महिन्यांनी, बाजाराच्या दिवशी सकाळी, पान लावता लावता गुलाबराव ठेल्यातच कोसळला. ग्रामीण रुग्णालयात नेलं तेव्हा बीपी दोनशेच्या वर होता. जीव वाचला, पण झटक्याने डावा हात लुळा पडला.

सिस्टरने रुग्णालयात जाऊन आकडा विचारून घेतला. घरी आल्या, वही काढली. परवाच्या सकाळी त्याच माणसाच्या नावापुढे त्यांच्याच अक्षरात एकशे अठ्ठावीस लिहिलेलं. त्यांनी उपकेंद्रातल्या तरुण सिस्टरला बोलावलं, कपाटातून पाऱ्याचं मशीन काढलं, आणि दुपारभर येईल त्या माणसाच्या हाताला आधी हे आणि मग ते लावून पाहिलं. तरुण सिस्टर ठोके ऐकायची, या लिहायच्या. दहा माणसं झाली. बटणाचं मशीन प्रत्येक वेळी वीस-बावीसनं कमी दाखवत होतं, आणि बीपी चढा असेल तर त्याहूनही जास्त.

त्याच संध्याकाळी मी ॲप उघडून माझा अभिप्राय पुसून टाकला.

दुसऱ्या दिवसापासून सिस्टर वही घेऊन घरोघर निघाल्या. वहीत नावं होती, त्यामुळे कुणी सुटलं नाही. आमच्याकडे आल्या तेव्हा उंबऱ्यातूनच आईला म्हणाल्या, "ताई, तीन महिने मी तुमाले चुकीचा बीपी सांगितला. आज दवाखान्यात जाऊन मोजून घ्या. गोळी कमी केली असंल तर आधीसारखी सुरू करा."

"अवो, मशीनची चूक, त्यात तुमचं काय?" आई म्हणाली.

"मशीन मी लावलं ना. आधी जुन्यासंगं ताडून पाहाचं होतं. पाह्यलं नाई."

मी मागे दारात उभा होतो. त्याच वेळी सांगायला हवं होतं. आई चहा करायला आत गेली आणि नेहमीच्या कपात चहा घेऊन आली. तो कप आमच्या घरात फक्त सिस्टरसाठी होता, वेगळ्या फळीवर. सिस्टरना ते माहीत होतं, आईला माहीत होतं, मला लहानपणापासून माहीत होतं. गप्प बसण्याची सवय मला तिथूनच लागली असावी.

मग कंपनीला फोन सुरू झाले. खरेदी माझ्या खात्यावरून, म्हणून मी शेजारी बसायचो. फोन स्पीकरवर. सिस्टर प्रत्येक फोनची वेळ आणि बोलणाऱ्याचं नाव लिहून घ्यायच्या. एकदा एक मुलगी बोलत होती.

"मैडम, आपको हुई असुविधा के लिए हमें खेद है."

"बेटा, असुविधा नहीं हुई. एक आदमी का हाथ गया."

"जी मैडम. लेकिन रिटर्न की अवधि दस दिन की थी."

"दस दिन में गलती पकड़ में नहीं आई, तो मशीन सही हो गई क्या?"

मग, "मैडम, बैटरी बदलकर देखिए."

"तीन बार बदली. तुम बताओ, तुम्हारा खुद का बीपी कितना है? कभी नापा?"

मुलगी हसली, चांगली पोर असावी. शेवटी म्हणाली, "मैडम, आज की हमारी सेवा को आप पाँच में से कितने स्टार देंगी?"

सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. "सर, हे तारे कायच्यावरून देतात? मोजतात कशानं?"

"असंच," मी म्हणालो, "लोक मनाने देतात."

विक्रेत्याचं पत्र आलं, की मुदत संपली, शिवाय वापर चुकीचा झाला असावा. ॲपवाले म्हणाले, आम्ही फक्त मध्यस्थ. ग्राहकांच्या सरकारी मदतवाहिनीवर तक्रार केली, तिलाही त्याच दोन ओळींचं उत्तर आलं. तेव्हा सिस्टरने ग्राहक कायद्याचं मराठी पुस्तक मिळवलं आणि पेन्सिलने खुणा करत वाचलं. वकील करावा लागत नाही, आपली तक्रार आपल्यालाच मांडता येते, हे त्यांना फार आवडलं. मी म्हणालो, बिल माझ्या नावावर आहे, तुम्हाला तक्रार करता येणार नाही. त्यांनी पान उघडून दाखवलं. विकत घेणाऱ्याच्या संमतीने जो वस्तू वापरतो, तोही ग्राहकच. "तुमची संमती हाय ना, सर?"

होती. तसं प्रतिज्ञापत्र मी नोटरीपुढे करून दिलं. मशीन मी सिस्टरसाठी घेतलं, त्याच ते वापरत होत्या. सगळं खरं होतं. बाकीचं मी लिहिलं नाही.

जिल्हा ग्राहक आयोगाकडची तक्रार ऑनलाइन मीच भरून दिली. त्यात मागण्या दोन होत्या. मशीनचे पैसे आणि खर्च ही पहिली, ती सिस्टरने माझ्या आग्रहावरून घातली. त्यांची स्वतःची होती ती दुसरी. हे मशीन विकणं थांबवावं आणि ज्यांनी ज्यांनी घेतलं त्या सगळ्यांना कंपनीने कळवावं, की आकडा चुकीचा असू शकतो. "मी माह्या वहीतल्या लोकायले सांगून आली. त्याईच्या वहीतल्या लोकायले त्याईनं सांगावं." एवढं त्याचं साधं कारण होतं.

पहिल्या तारखेला आम्ही दोघं एसटीने आर्वीमार्गे वर्ध्याला गेलो. जाताना सिस्टरने मशीन एका मोठ्या दवाखान्याच्या उपकरण विभागात दिलं आणि तपासणीचा दाखला मागितला. पुढच्या तारखेपर्यंत तो आला. मशीन सदोष. मला वाटलं, संपलं. या दुसऱ्या तारखेला सिस्टरनी पोपटी साडी नेसली होती.

आयोगासमोर त्या जपून, शाळेच्या पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायच्या. त्यांचं झाल्यावर विक्रेत्याचा वकील उठला. तरुण होता, नम्र होता. त्याने एक कागद अध्यक्षांपुढे ठेवला आणि वाचला. 'अचूक रीडिंग. घरातील ज्येष्ठांसाठी उत्तम. मी स्वतः शिक्षक आहे.' खाली माझं नाव. "ज्यांच्या नावावर बिल आहे, ज्यांचं प्रतिज्ञापत्र तक्रारीला जोडलंय, त्यांचाच हा अभिप्राय आहे. आणि वाद सुरू झाल्याबरोबर तो काढून टाकला गेला. तक्रारदारांनी पुरावा नष्ट करायला लावला, असं आमचं म्हणणं आहे."

मी मागच्या बाकावर बसलो होतो.

सिस्टरनी कागद मागून घेतला आणि स्वतः वाचला. मग म्हणाल्या, "मला हे आत्ताच कळतंय, साहेब. मी कुणाला काही काढायला लावलं नाही."

अध्यक्षांनी विचारलं, "हे शिक्षक आज हजर आहेत का?"

उठून उभं राहायला फार तर दोन सेकंद लागतात. मी माझ्या बुटांकडे बघत बसलो. सिस्टरला माहीत होतं मी कुठे बसलोय, तासाभरापूर्वी त्यांनीच मला पाण्याची बाटली दिली होती. त्यांनी मान वळवली नाही. "त्यांचं त्यांना सांगू द्या," एवढंच म्हणाल्या. अध्यक्षांनी नोंद केली, की पुढच्या तारखेपर्यंत खुलाशाचं प्रतिज्ञापत्र देता येईल, आणि पुढचं प्रकरण पुकारलं गेलं.

परतताना आम्ही आर्वीला उतरलो. स्टँडवर आष्टीची गाडी लागायला वेळ होता. बाकावर बसल्यावर त्यांनी विचारलं, पेशंटला विचारावं तसं, आवाज न चढवता.

"लावून पाह्यलं होतं का, सर?"

"नाही."

"मंग लिहिलं काऊन?"

"रिचार्ज मिळत होतं."

"कितीचं?"

"अठ्ठावीस दिवसांचं."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, आता बोलतील. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. "मी तिथं तुमाले दाखवलं नाई," त्या म्हणाल्या. "पुढच्या तारखेले तुम्हीच सांगजा. लिहून द्या, की पैल्यांदा लिहिलं ते न पाहता लिहिलं, आन पुसलं ते आपल्या मनानं पुसलं. एवढंच. मंग ते मशीन बंद होते." गाडी लागली, त्यांनी माझ्यासाठी खिडकीजवळची जागा धरली.

पुढच्या तारखेला माझ्या प्रात्यक्षिक परीक्षा होत्या. ते खरं होतं, पण एक दिवस रजा मिळाली असती. माझं नाव आयोगाच्या कागदावर येईल, संस्थेच्या लोकांना कळेल, पोरं स्टाफरूमबाहेर 'पाच तारे' म्हणून पाच बोटं दाखवतील, या सगळ्याची मला भीती वाटत होती. सिस्टर एकट्या गेल्या. आयोगाने आणखी एक तारीख दिली. त्या तारखेच्या सकाळी त्यांनी दोनदा फोन केला, मी तो वाजू दिला. खिडकीतून पाहिलं, त्या फाईल छातीशी धरून स्टँडकडे चालल्या होत्या. आमच्या दारापुढून जाताना थांबल्या नाहीत.

निकाल लागला तेव्हा त्या स्वतः घरी आल्या. आईला म्हणाल्या, "ताई, केस जितली." पैसे आणि खर्च देण्याचा आदेश होता. मग त्यांनी दुसरं पान माझ्यासमोर ठेवून बोटाने ओळ दाखवली. एकाच मशीनमधला दोष सिद्ध झाला आहे. इतर ग्राहकांचे अभिप्राय समाधानकारक असून त्यांत प्रत्यक्ष खरेदीदाराचाही समावेश आहे, व त्याने संधी देऊनही खुलासा केलेला नाही. सबब दुसरी मागणी मान्य करता येत नाही.

आयोगाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्यापुढच्या कागदांतून तेवढंच निघत होतं.

"आता?" मी विचारलं.

"आता काय," सिस्टर म्हणाल्या आणि कागद फाईलमध्ये ठेवून गाठ मारली. चहा नको म्हणाल्या, पहिल्यांदाच. त्यानंतर त्यांच्या दारावर सकाळची रांग दिसली नाही. कान साथ देत नाहीत आणि मशीनवर विश्वास बसत नाही, असं त्यांनी येणाऱ्यांना सांगून टाकलं. गुलाबरावच्या घरी मात्र रोज जायच्या, हाताचा व्यायाम करून घ्यायला.

वर्षभराने त्यांनी पुलगावला मुलीकडे कायमचं राहायला जायचं ठरवलं. हे कळलं तेव्हा मला कुठून बळ आलं कोण जाणे. मी प्रतिज्ञापत्र लिहून काढलं, सगळं, रिचार्जसकट. नोटरीचा शिक्का घेतला आणि त्यांच्या दारात पोचलो, तर टेम्पोत सामान चढवून झालं होतं. मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावून, उन्हात उभं राहून तो शेवटपर्यंत वाचला. एके ठिकाणी थांबून म्हणाल्या, "हे 'गैरसमजातून' खोडा. गैरसमज नव्हता, सर."

मी त्यांच्यादेखत तो शब्द खोडला आणि कागद पुन्हा पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही.

"माही केस संपली. आता हे माह्या काय कामाचं?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, जरा थकवा होता. "मशीन अजून विकून राह्यले ते. नाव बदललं, खोकं तेच हाय, मी पाह्यलं. बिल तुमचं हाय, सर. तक्रार तुम्ही करा आता. कशी कराची, तुमालेच तर येते."

त्याला आता सहा महिने होतील. कागद माझ्या कपाटात आहे. तक्रारीचं पान मी दोनदा उघडलं आणि नावाच्या रकान्यापाशी दोन्ही वेळा बंद केलं.

त्या दिवशी सिस्टर ड्रायव्हरशेजारी बसल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि मला, आईला, रस्त्यावर उभ्या असलेल्या सगळ्यांना हात जोडून "जयभीम" म्हणाल्या. टेम्पो निघाला तो चौकात जाऊन थांबला. कडेला एक बाई तान्हं मूल घेऊन उभी होती, तिने हात केला होता. सिस्टर खिडकीतून अर्ध्या बाहेर वाकल्या. मुलाचा दंड हलकेच वळवून लसीची खूण पाहिली, गाल ओढून डोळ्याची आतली कड पाहिली, आईला काहीतरी विचारलं. ती बाई बोटांवर मोजत बराच वेळ उत्तर देत होती. मागे एक ट्रॅक्टर येऊन हॉर्न वाजवत राहिला. सिस्टरनी त्याला हातानेच थांब म्हटलं, आणि त्या बाईचं सगळं ऐकून झाल्यावरच टेम्पो आर्वीच्या रस्त्याला वळला.